फोटोत लोकेशन येईना, चुकीचं येतंय की पाठवल्यावर उडतंय? सोप्यापासून अवघडापर्यंतच्या तपासण्या

सोलापुरात मी फोटो आणि कॉम्प्युटरची कामं करतो. तक्रारी रोज नव्या येतात, पण एक तक्रार वर्षभर थांबत नाही: "दादा, फोटोला जिओटॅगच येईना की वो!" माणसं मात्र दर वेळी निराळी असतात. शेततळ्याचा नाहीतर ठिबकचा फोटो पोर्टलवर चढवायचा असलेला शेतकरी येतो, रस्त्याच्या कामाचं बिल अडकलेला ठेकेदार येतो. नान्नजच्या माळरानावर पक्ष्यांचे फोटो काढणारी कॉलेजची मुलं येतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी सिद्धरामेश्वरांच्या 68 लिंगांचे फोटो काढून नकाशावर मांडू पाहणारी हौशी मंडळीही येतात.

बहुतेकांनी येण्याआधी फोन बंद-चालू करून, ॲप काढून पुन्हा टाकून, क्वचित अख्खा फोन रिसेट करून पाहिलेला असतो. रिसेटने हा बिघाड सहसा जात नाही, फोनमधलं बाकीचं मात्र जातं. म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते ठरवायचं. जागा तीनच आहेत. फोटो काढताना लोकेशन लिहिलंच गेलं नाही, किंवा लिहिलं गेलं पण चुकीचं, किंवा बरोबर लिहिलं गेलं होतं आणि पाठवताना वाटेत पुसलं गेलं. माझ्याकडे येणाऱ्यांत तिसऱ्या प्रकारचे सगळ्यात जास्त, आणि नेमका तोच प्रकार कुणी तपासत नाही.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कुठलं, ते आधी बघा.

- गॅलरीत फोटोची माहिती उघडली तर नकाशाच नाही.
- तुमच्या फोनवर नकाशा दिसतो, पण ज्याला फोटो पाठवला त्याच्याकडे दिसत नाही. किंवा पोर्टल 'फोटोमध्ये लोकेशन नाही' म्हणून फोटो परत करतं.
- लोकेशन येतं, पण किलोमीटर-दीड किलोमीटर बाजूला. होटगी रोडवरचा फोटो जुळे सोलापुरात.
- पहिले दोन-चार फोटो मागच्या जागेवर दिसतात, पुढचे बरोबर.
- सोलापुरात घरात बसून काढलेला फोटो पुण्यात दिसतो.
- फोटो थेट समुद्रात. आफ्रिकेजवळ, नाहीतर जमैकाजवळ.
- मोठ्या कॅमेऱ्याच्या एकाही फोटोला लोकेशन नाही, किंवा सगळेच फोटो रस्त्यावर सारख्या अंतराने पुढे सरकलेले.

तपासणी 1: मूळ फोटो उघडून बघा

खर्च काही नाही, वेळ अर्धा मिनिट. तरीही सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो.

फोनचा कॅमेरा फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत त्याच फाइलमध्ये एक नोंद लिहितो. तिला एक्झिफ म्हणतात. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि परवानगी असेल तर अक्षांश-रेखांश, हे सगळं तिच्यात असतं. जिओटॅग म्हणतात तो हाच. तो चित्रावर दिसत नाही.

आयफोनच्या फोटो ॲपमध्ये फोटो उघडून वर सरकवा, खाली नकाशा दिसेल. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्येही तसंच. पण गूगल फोटोजच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा: फाइलमध्ये लोकेशन नसलं तरी हे ॲप अंदाजाने जागा दाखवू शकतं. सिद्धेश्वर मंदिरासारखी ओळखीची वास्तू असेल तर चित्र पाहूनही जागा ठरवतं. ती जागा गूगलकडे असते, तुमच्या फाइलमध्ये नसते. म्हणून खात्रीची तपासणी कॉम्प्युटरवरच करायची. केबलने फोटो विंडोजवर घ्या, राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यात 'डिटेल्स' उघडा, खाली 'जीपीएस' असा भाग शोधा. तिथे अक्षांश-रेखांश असतील तर टॅग आहे. तो भागच नसेल तर टॅग नाही, मग ॲप काहीही दाखवो.

टॅग आहे आणि जागाही बरोबर आहे? तर फोन धडधाकट आहे, तुम्ही तपासणी 2 कडे जा. टॅग नाही, किंवा जागा चुकीची आहे? तर 2 सोडून 3 पासून सुरू करा.

इथेच आणखी एक गोंधळ मिटवून घेऊ. 'जीपीएस मॅप कॅमेरा' सारखी ॲप फोटोच्या खालच्या बाजूला नकाशा, पत्ता आणि आकडे छापतात. आपल्याकडे बरेच लोक त्या छापील पट्टीलाच जिओटॅग म्हणतात. ती पट्टी हा चित्राचाच भाग असतो. माणसाला ती वाचता येते, पण फाइलमधली एक्झिफ नोंद वाचणाऱ्या पोर्टलला तिचा काही उपयोग नाही. उलटही तितकंच खरं: साहेबांना कागदावर छापलेल्या फोटोत आकडे दिसायला हवे असतील तर नुसता आतला टॅग चालणार नाही. म्हणून ज्या कार्यालयाला फोटो द्यायचा, त्यांना नेमकं काय हवं ते आधी विचारून घ्या: पट्टी, टॅग की दोन्ही. एका ठेकेदाराचे पट्टी छापलेले सगळे फोटो नामंजूर झाले होते, कारण त्या ॲपला फोटोच्या फाइलमध्ये टॅग लिहायचं सेटिंग वेगळं होतं आणि ते बंद होतं. काम पुरं झालेलं, रस्ता डोळ्यांसमोर, पण फोटो पुन्हा काढायला साइटवर जावं लागलं.

तपासणी 2: फोटो कुठल्या वाटेने गेला

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि एक्झिफ नोंद गळते. 'एचडी' निवडलं तरी लोकेशन पलीकडे पोचत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चढवलेला फोटो दुसऱ्याने उतरवून घेतला तर त्यातही लोकेशन नसतं. हा बिघाड नाही, माणसाच्या घराचा पत्ता अनोळखी लोकांपर्यंत जाऊ नये म्हणून ते तसंच ठेवलेलं आहे. इन्स्टाग्रामवर फोटोच्या वर जे ठिकाणाचं नाव दिसतं ते आपण हाताने निवडलेलं असतं, फाइलमधल्या टॅगशी त्याचा संबंध नाही.

उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲपवर पिन दाबून 'गॅलरी' ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा आणि फोटो फाइल म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते, टॅगसकट. टेलिग्रामवरही 'फाइल' म्हणून पाठवता येतो. ईमेलला जोडलेला फोटोही सहसा शाबूत पोचतो. आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पडद्यावर वर 'ऑप्शन्स' असतं, त्यात 'लोकेशन' चालू आहे ना ते बघून घ्या. तिथे बंद असेल तर डॉक्युमेंट, मेल काहीही करा, लोकेशन जाणार नाही.

68 लिंगांच्या कामात हेच झालं होतं. शहरभर विखुरलेली लिंगं, काही मोठ्या मंदिरांत, काही गल्लीबोळांत घरांच्या मध्ये. प्रत्येकाने आपापल्या भागातल्या लिंगांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. नकाशावर चढवायला बसलो तेव्हा एकाही फोटोला जागा नाही. तारखाही भलत्याच, कारण ग्रुपवरून उतरलेल्या फाइलला उतरवल्याची तारीख लागली होती. ज्यांच्या फोनमध्ये मूळ फोटो होते त्यांच्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवले आणि काम झालं. ज्यांनी 'ग्रुपवर तर आहेत' म्हणून फोनमधून काढून टाकले होते, त्यांच्या जागा पुन्हा फिराव्या लागल्या. म्हणून नकाशावर जागा बरोबर उमटल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय मूळ फोटो डिलीट करू नका, एवढं प्रत्येकाला बजावून सांगतो.

वाटेत टॅग गळण्याच्या आणखी काही जागा आहेत. पोर्टल म्हणतं फोटो 200 केबीच्या आत हवा. मग आपण कुठल्या तरी वेबसाइटवर नाहीतर ॲपमध्ये तो लहान करतो. अशी बरीच साधनं फाइल लहान करताना एक्झिफ नोंद पहिल्यांदा टाकून देतात. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच फोटोचा आकार कमी ठेवून काढा, किंवा लहान करणाऱ्या ॲपमध्ये 'एक्झिफ ठेवा' असा पर्याय असेल तो चालू करा आणि लहान झालेली फाइल तपासणी 1 प्रमाणे पुन्हा बघा. स्क्रीनशॉटमध्ये जीपीएसचा टॅग नसतो. कोलाज केलेल्या फोटोत तो टिकेल असं धरून चालू नका.

अँड्रॉइडचा एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. अँड्रॉइड 10 पासून कुठल्याही ॲपला तुमच्या फोटोतलं लोकेशन वाचायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर फोन त्या ॲपला फोटो देतो, पण लोकेशन झाकून देतो. मोबाइलच्या ब्राउझरमधून पोर्टलवर फोटो चढवताना नेमकं असंच होतं: गॅलरीत टॅग आहे, पोर्टलवर नाही, आणि माणूस बिचारा पुन्हा पुन्हा तोच फोटो चढवत बसतो. फोटो निवडायची खिडकी उघडल्यावर तीन टिंबं दाबून 'ब्राउझ' मध्ये जा आणि फाइल मॅनेजरमधून फोटो निवडा. काही फोनवर एवढ्याने भागतं. नाही भागलं तर केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर घ्या आणि तिथून चढवा. केबलची वाट कधी दगा देत नाही, घाईच्या कामाला मी तीच वापरतो.

तपासणी 3: परवानग्या आणि बटणं

मूळ फोटोतच टॅग नसेल तर इथून सुरू करा. तीन ठिकाणं बघायची आणि तिन्ही चालू असायला हवीत.

पहिलं, फोनचं लोकेशन. दुसरं, कॅमेरा ॲपला असलेली परवानगी. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो', मग 'परमिशन्स', मग 'लोकेशन'. आयफोनवर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'लोकेशन सर्व्हिसेस', 'कॅमेरा'. दोन्हीकडे 'ॲप वापरताना' हा पर्याय पुरेसा आहे, 'नेहमी' देण्याची गरज नाही. तिसरं, अँड्रॉइडच्या कॅमेऱ्याचं स्वतःचं सेटिंग. त्याला कुठे 'लोकेशन टॅग्ज' म्हणतात, कुठे 'सेव्ह लोकेशन', कुठे 'जिओटॅग'. नवा फोन घेतला की हे बऱ्याचदा बंद असतं, आणि अपडेटनंतर बंद झालेलंही मी पाहिलंय.

किलोमीटर-दीड किलोमीटर बाजूला पडणाऱ्या फोटोंचं मूळही इथेच सापडतं. परवानगीच्या त्याच पडद्यावर 'प्रिसाइज लोकेशन', म्हणजे अचूक लोकेशनचं बटण असतं. अँड्रॉइडवर ते 12 पासून आहे, आयफोनवर 14 पासून. ते बंद असेल तर ॲपला मुद्दाम ढोबळ जागा दिली जाते. अँड्रॉइडमध्ये ही ढोबळ जागा साधारण 3 चौरस किलोमीटरच्या आतली असते. पहिल्यांदा ॲप उघडताना पडद्यावर दोन नकाशे दिसतात आणि घाईत उजवा दाबला जातो, तेव्हापासून सगळे फोटो वाकड्या जागी. बटण चालू केलं की पुढचे फोटो सुधारतात, जुने मात्र तसेच राहतात.

बॅटरी सेव्हर चालू असेल तर फोटो काढण्यापुरता बंद करा.

तपासणी 4: आकाश, थोडा धीर आणि नेटवर्क

परवानग्या ठीक असूनही पहिले फोटो मागच्या जागेवर पडतात, याचं कारण समजून घेतलं तर उपाय कायमचा लक्षात राहतो.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे याची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवतो. निदान चार उपग्रहांकडून ती मिळाली की फोन आपली जागा ठरवतो. सगळ्या उपग्रहांचं मिळून वेळापत्रक आकाशातून पूर्ण उतरवायचं तर साडेबारा मिनिटं लागतात. इतका वेळ कुणी थांबणार नाही, म्हणून फोन ही माहिती इंटरनेटवरून काही क्षणांत मागवून घेतो. नेट नसेल तर तो आकाशावरच अवलंबून राहतो आणि जागा सापडायला वेळ लागतो. दरम्यान तुम्ही फोटो काढला तर काही कॅमेरे शेवटची माहीत असलेली जागा चिकटवून मोकळे होतात, काही जागा लिहीतच नाहीत.

गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर हे हमखास घडतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला, अक्षता सोहळ्याला एवढी गर्दी असते की मोबाइलचं नेट रांगायला लागतं. फोन खिशातून काढला, लगेच दोन फोटो घेतले, आणि ते घरच्या जागेवर पडले. उपाय असा: पोचल्यावर आधी नकाशाचं ॲप उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं, ते आकसून लहान होईपर्यंत थांबा. मगच कॅमेरा उघडा. ओळीने फोटो काढायचे असतील तर मधे मधे नकाशा उघडून बघत जा.

पत्र्याच्या शेडखाली, यंत्रमागाच्या कारखान्यात, दोन मजली घरांमधल्या अरुंद बोळात सिग्नल एकतर येत नाही, नाहीतर भिंतींवर आपटून येतो आणि जागा सरकते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये मशीनचे फोटो काढायचे असतील तर दाराबाहेर उघड्यावर उभं राहून जागा पक्की करून घ्या आणि लगेच आत जाऊन फोटो काढा. अपेक्षाही बेताची ठेवा. स्वच्छ उघड्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण 4.9 मीटरच्या आत जागा दाखवतो. बोळात त्याहून जास्त फरक पडणारच. समोरासमोरच्या दोन घरांत फोटोची जागा अदलाबदल झाली तर तो फोनचा दोष नाही.

तपासणी 5: घरातला फोटो पुण्यात का दिसतो

ही तक्रार ऐकून लोक घाबरतात, फोन हॅक झाला असं समजतात. तसं काही नसतं. घराच्या आत उपग्रह दिसत नाहीत, म्हणून फोन आजूबाजूच्या वायफाय राउटरवरून जागा ओळखतो. कुठल्या क्रमांकाचं राउटर कुठे आहे याची मोठी यादी गूगल आणि ॲपलकडे असते. मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी आला आणि तिथलं राउटर इथे लावलं, की फोनला वाटतं आपण अजून पुण्यातच आहोत.

फोटो काढण्याआधी वायफाय बंद करा आणि गच्चीवर किंवा अंगणात जा, जागा बरोबर येईल. राउटरची नवी जागा काही काळाने त्या यादीत आपोआप सुधारते. त्यासाठी फोन बदलू नका, पैसे खर्च करू नका.

तपासणी 6: आकडे हाताने भरले होते का

फोटो समुद्रात पडला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. अक्षांश-रेखांश लिहायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. सोलापूर शहराची जागा दशांशात साधारण 17.6599 उत्तर, 75.9064 पूर्व अशी लिहितात. तीच अंश-मिनिट-सेकंदात 17 अंश 39 मिनिटं 36 सेकंद आणि 75 अंश 54 मिनिटं 23 सेकंद होते. आता कुणी ही दुसरी पद्धत वाचून फॉर्ममध्ये 17.3936 आणि 75.5423 असं भरलं, तर जागा सुमारे 48 किलोमीटर नैर्ऋत्येला, मंगळवेढ्याच्या बाजूला जाते. आकडे ओळखीचे वाटतात, जागाही आपल्याच जिल्ह्याच्या आसपास दिसते, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही. मिनिटांना 60 ने आणि सेकंदांना 3600 ने भागून अंशांत मिळवलं की बरोबर दशांश मिळतो.

समुद्रातल्या जागाच चूक कुठे झाली ते सांगतात. अक्षांशाच्या जागी रेखांश भरला तर सोलापूर नॉर्वेच्याही उत्तरेला आर्क्टिकच्या समुद्रात जातं. पूर्वेऐवजी पश्चिम लागलं, म्हणजे रेखांशाच्या आधी वजा चिन्ह आलं, तर जमैकाच्या आग्नेयेला कॅरिबियन समुद्रात. आणि घानाच्या दक्षिणेला अटलांटिकमध्ये दिसलं तर दोन्ही आकडे शून्य आहेत, म्हणजे ॲपला जागा मिळालीच नव्हती आणि त्याने रिकाम्या जागी शून्य लिहिलं. पहिल्या दोन्हींत आकडे सुधारले की झालं. शून्यासाठी परत तपासणी 4.

तपासणी 7: मोठा कॅमेरा आणि फोनवरची वाटेची नोंद

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत जीपीएस नसतं. दोन मार्ग आहेत. कॅमेरा कंपनीचं ॲप, जसं निकॉनचं स्नॅपब्रिज किंवा कॅननचं कॅमेरा कनेक्ट, ब्लूटूथने फोनचं लोकेशन कॅमेऱ्याला देतं. यात मधूनच टॅग येणं थांबलं तर फोनने बॅटरी वाचवण्यासाठी ते ॲप मागच्या मागे बंद केलेलं असतं. ॲप इन्फोमध्ये बॅटरीचा पर्याय 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि या ॲपला लोकेशनची परवानगी 'नेहमी' द्या. इथे मात्र ती खरंच लागते.

दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. फोनवर वाट नोंदवणारं ॲप चालू ठेवायचं, घरी येऊन त्याची जीपीएक्स फाइल आणि फोटो डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. प्रत्येक फोटोची वेळ बघून सॉफ्टवेअर त्या क्षणाची जागा त्याला जोडतं. सगळा खेळ वेळेचा, म्हणून बिघाडही वेळेतच सापडतो.

एकही फोटो जुळला नाही तर साडेपाच तासांचा फरक बघा. जीपीएक्स फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, कॅमेऱ्यातली वेळ आपली. नान्नजला सकाळी 7 ते 10 फोटो काढले तर वाटेच्या नोंदीत ती वेळ 1:30 ते 4:30 अशी असते. दोन्ही एकमेकांना शिवतही नाहीत, मग जुळणार कसे? सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचा टाइम झोन +5:30 सांगा.

सगळे फोटो सारखे पुढे किंवा मागे सरकले असतील तर कॅमेऱ्याचं घड्याळ काही मिनिटांनी चुकलंय. पुणे हायवेवर ताशी 80 च्या वेगात एक मिनिट म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त. दिवसाचा पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा काढा, सेकंद दिसतील असा. घरी आल्यावर त्या फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ यातला फरक सॉफ्टवेअरमध्ये भरला की अख्खा दिवस एका फटक्यात जागेवर येतो.

जुना वेगळा जीपीएस लॉगर, म्हणजे वाट नोंदवणारं छोटं यंत्र, वापरणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसते: तारीख सुमारे 19 वर्षं 7 महिने मागची. जीपीएसमध्ये आठवडे 0 ते 1023 असे मोजतात आणि मग पुन्हा शून्यापासून. शेवटची पाटी 6 एप्रिल 2019 ला कोरी झाली. ज्या उपकरणांना कंपनीने अपडेट दिलं नाही ती मागच्या तारखा दाखवतात. जागा बरोबरच असते, तारखेत 1024 आठवडे मिळवून फाइल दुरुस्त करता येते.

ऑनलाइन टाकताना: कुठे लोकेशन राहू द्यायचं, कुठे नाही

नकाशासकट फोटो लोकांसमोर ठेवायचे असतील तर फ्लिकर आणि विकिमीडिया कॉमन्स या दोन जागा चांगल्या. दोन्हीकडे मूळ फाइलमधला टॅग राहतो. फ्लिकरवर नकाशावरची जागा कुणाला दिसावी ते ठरवता येतं. कॉमन्सवर अपलोड करतानाच अक्षांश-रेखांश आपोआप वाचले जातात. भुईकोट किल्ला, इंद्रभुवन, जुन्या गिरण्या, वाडे यांचे जागेसकट फोटो तिथे टाकावेत असं मला मनापासून वाटतं. वास्तू पडल्यावर ती नेमकी कुठे होती हे सांगणारा फोटो लागतो, आणि तो आजच काढून ठेवावा लागतो. गूगल फोटोजचा अल्बम शेअर करताना लोकेशन दाखवायचं की नाही याचं बटण अल्बमच्या पर्यायांत आहे, लिंक पाठवण्याआधी ते बघा.

घर, मुलांची शाळा, शेतातलं एकटं घर यांचे फोटो जाहीर ठिकाणी टाकताना मात्र टॅग काढा. विंडोजवर 'डिटेल्स' च्या तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज' असतं. पक्षी, विशेषतः माळढोक किंवा कुठल्याही पक्ष्याचं घरटं, यांची नेमकी जागा कुठेही देऊ नका. आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं संकटात असलेल्या प्रजातींची जागा स्वतःहून झाकतात, 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात. इतर ठिकाणी ही काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

इथे थांबा आणि माणूस गाठा

उघड्या मैदानात, सगळ्या परवानग्या चालू, नेट चालू, पाच-दहा मिनिटं थांबलात आणि तरी नकाशावरचं वर्तुळ लहान होत नाही. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या फोनला मात्र जागा लगेच मिळते. मग बिघाड फोनच्या आत आहे. उपग्रह दाखवणारं एखादं मोफत जीपीएस टेस्ट ॲप उघडा. एकही उपग्रह दिसत नसेल, किंवा सगळ्यांच्या सिग्नलच्या ताकदीचे आकडे 20 (डीबी-हर्ट्झ) च्या खालीच राहत असतील, तर अँटेनाचा संशय घ्या. स्क्रीन किंवा मागचं झाकण बदलल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर अँटेनाची पट्टी नीट टेकलेली नसण्याची शक्यता दाट. फोन पाण्यात पडला असेल तर तेही सांगा. झाकण घरी उघडू नका, त्या पट्ट्या नाजूक असतात. 'जीपीएस फास्ट करतो' म्हणणारी पैसे मागणारी ॲपही घेऊ नका, तुटलेली अँटेना ॲपने जुळत नाही.

सरकारी कामाच्या फोटोत टॅग येत नाही म्हणून खोटं लोकेशन देणारं ॲप वापरायचा सल्ला कुणी दिला तर तिथेच थांबा. घरकुल असो, शेततळं असो, रोजगार हमीची हजेरी असो, खोटी जागा म्हणजे फसवणूक, आणि खरं काम केलेला माणूस त्यात विनाकारण अडकतो. टॅगशिवायचा मूळ फोटो घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक) जा, अडचण लेखी द्या आणि त्यांच्या समोर जागेवर पुन्हा फोटो काढा.

मूळ फोटो डिलीट झाले असतील आणि ते महत्त्वाचे असतील तर त्या फोनवर नवे फोटो काढणं लगेच थांबवा. आधी 'ट्रॅश' बघा. तिथे नसतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. स्वतः प्रयोग करत बसलात तर उरलेली शक्यताही जाते.

दुरुस्तीला फोन देताना सांगा की जीपीएस दुरुस्त करायचं आहे, 'फोटोचा प्रॉब्लेम' एवढंच सांगू नका, नाहीतर कॅमेरा उघडला जातो. परत घेताना पैसे देण्याआधी फोन घेऊन दुकानाबाहेर उघड्यावर या, वायफाय बंद करा, नकाशावरचं वर्तुळ आकसू द्या, एक फोटो काढा आणि दुकानातल्याच कॉम्प्युटरवर त्याचे 'डिटेल्स' उघडून जीपीएसचा भाग बघून घ्या.